चोवीस किलोमीटरची वाट

मंगळवार, १० जून २०२५
फ्रान्स

प्रिय जनीताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो आणि मग लिहायला घेतो. तू, सुजित, सूनबाई क्रांती सगळी बरी असाल. तिकडे आता पेरणीची घाई असेल आणि अशात तू पत्र घेऊन बसलेली दिसलीस की क्रांती विचारेल, मामांना फोन सोडून पत्र कुठून सुचलं. तिला सांग, मामाचं डोकं फिरलंय. पण पत्र तिच्याकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव, आतल्या खोलीत बस आणि स्वतः वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

माझी तब्येत ठीक आहे. म्हणजे बीपी ठीक आहे. दोन्ही टाचांना फोड आलेत, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय, आणि काल संध्याकाळपासून जिना उतरताना मी लहान पोरासारखा बसून बसून उतरतो आहे. आम्ही बापलेक सध्या मृणालच्या शहरापासून तीन तासांवर एका खेड्यात आहोत. गावाचं नाव मी तिला तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मला वेगळं ऐकू आलं. चालत जाणाऱ्यांसाठी इथे धर्मशाळेसारखी जागा असते, तिथे उतरलोय. काल जिथून चालायला लागलो तिथे गाडी राहिली आहे, ती आणायला मृणाल सकाळच्या बसने गेली. दुपारी येईल. तोवर हे पत्र लिहून झालं पाहिजे.

चालण्याचं आधी सांगतो, कारण त्याचाच राग अजून पायांत आहे.

आपल्याकडे माणूस चालतो तो गाडी मिळाली नाही म्हणून. इथे लोक दारातली गाडी दारातच ठेवून दोन्ही हातांत काठ्या घेतात आणि आठ-आठ दिवस चालत सुटतात. देवाला जायचं तर समजलं असतं. विचारलं तर म्हणतात, सहज. मृणालला हे वेड गेल्या थंडीत लागलं. सुट्टी आली की पिशवी पाठीला लावून निघते. मी इथे आल्यावर म्हणाली, बाबा, एक दिवस माझ्याबरोबर चला. मला वाटलं, बोर्लीच्या बाजारात जाऊन यावं एवढं असेल. चोवीस किलोमीटर, ताई. बोर्लीहून श्रीवर्धन गाठायचं आणि वर आणखी थोडं. आणि मधे एस.टी. नाही, रिक्षा नाही, कुणी मोटरसायकलवाला थांबून ‘बसा काका’ म्हणणार नाही.

बूट तिने घेऊन दिले होते. अर्धा नंबर लहान होते. दुकानातच कळलं होतं, पण बोललो नाही. आमच्यात बोलणंच असं मोजकं चाललं होतं की त्यातलं एक वाक्य बुटांवर घालवावंसं वाटेना. दोन आठवडे झाले मी इथे येऊन. ‘जेवण झाकून ठेवलंय’, ‘गोळी घेतली का’, ‘मी सातला येईन’. ह्यापलीकडे काही नाही. आज तुळशी असती तर नवऱ्याच्या आणि लेकीच्या मधे बसून तिने दोघांचं बोलणं चालू ठेवलं असतं.

वाट चुकू नये म्हणून इथे झाडांवर, दगडांवर, विजेच्या खांबांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या असतात. पट्टी दिसली की बरोबर चाललात. फुली दिसली की इकडे जाऊ नका. मृणालने सुरुवातीलाच समजावलं. मी म्हटलं, न्हावा शेव्याच्या यार्डात तीस वर्षं कंटेनरवरचे नंबर वाचलेत, मला दोन पट्ट्या शिकवू नकोस. ती पुढे चालू लागली.

सकाळी सातला निघालो. गव्हाची शेतं, मधे लाल फुलं, दगडी कुंपणं, ओकची झाडं. बघायला छान आहे, नाही म्हणत नाही. पण माणूस नाही ग. एवढ्या मोठ्या शेतांत एक माणूस नाही. लांब कुठे तरी एक ट्रॅक्टर, तोही बंद. आपल्या गावातून परका माणूस गेला तर चार ओट्यांवरून चार जणं विचारतील, कोण, कुणाकडचा, चहा घेतलास का. इथे एक अख्खं गाव मी ओलांडलं आणि मला फक्त एक मांजर भेटली. सगळ्या खिडक्या बंद. काल कसलीशी ख्रिस्ती सणाची सुट्टी होती, त्यामुळे दुकानंही बंद. चहा मिळेल म्हणून मी दोन तास वाट बघत चाललो, आणि त्या गावात पोचल्यावर पाववाल्याच्या दाराला चिठ्ठी. मृणालने ती वाचून दाखवली. बुधवारी उघडणार.

पाण्याचं तर विचारूच नकोस. बाटली संपली तर कुठे भरायची, म्हटलं. तर म्हणते, स्मशानात. इथल्या प्रत्येक गावाच्या स्मशानात नळ असतो, थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायला, आणि चालणारे लोक तिथेच बाटल्या भरतात. मी म्हटलं, मेलो तरी पिणार नाही. तेव्हा ती हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. मला वाटलं, चला, आता दिवस बरा जाईल.

अकराच्या सुमाराला एक चढ आला. दोन्ही बाजूंना अक्रोडाची झाडं. ती माझ्यापुढे चार पावलं. आणि मागे न बघता तिने विचारलं, “बाबा, आईला ॲडमिट कधी केलं होतं?”

मी म्हटलं, तुला माहीत आहे की. एकदम झालं सगळं.

“एकतीस ऑगस्टला,” ती म्हणाली. “तेरा दिवस ती तिथे होती. दिवसकार्याच्या वेळी मी कपाट आवरलं तेव्हा फाईल मिळाली. मी नऊ महिने वाट बघतेय, तुम्ही सांगाल म्हणून.”

ताई, इथे मी मघाशी पेन खाली ठेवलं आणि पाणी पिऊन आलो. आता लिहितो.

चढावर मला धाप लागली होती, टाच सोलली होती, चहा नव्हता, आणि तिच्या त्या पाठीकडे बघत उत्तर द्यायचं होतं. ही सगळी कारणं मी काल दिवसभर स्वतःला दिली. त्यातलं एकही पुरत नाही. तिने विचारलं, मला कळवायचं नाही असं कुणी ठरवलं. आणि मी म्हटलं, “तुझ्या आत्याने.”

मी म्हटलं, आत्या म्हणाली, पोरीचं प्रबंधाचं काम शेवटाला आलंय, तिला घाबरवू नका. मी म्हटलं, मी कळवणार होतो, पण ताईपुढे माझं काही चाललं नाही. एवढं सगळं बोललो. ठरवून ठेवल्यासारखं तोंडातून आलं.

ती थांबली आणि वळली. “जनीआत्याने?” एवढंच म्हणाली. मी मान हलवली. तिचा चेहरा मी आतापर्यंत असा पाहिला नव्हता, तुळशीच्या दहाव्यालाही नाही. मग ती म्हणाली, “मी परत त्या घरात पाय ठेवणार नाही.” आणि भराभरा चढून गेली.

तुझ्या घरात, ताई. जिथे ती चार वर्षांची असताना तुळशीच्या आजारपणात तू तिला वर्षभर ठेवलीस. जिथून ती परत आली तेव्हा मला ‘मामा’ म्हणत होती, कारण सुजित म्हणायचा.

खरं काय ते तुला आणि मलाच माहीत आहे. तू घरचे गौरी-गणपती सुनेवर टाकून पनवेलला आलीस. सकाळी आठ ते संध्याकाळी सात तुळशीच्या खाटेपाशी बसलीस. पहिल्याच दिवशी तू मला व्हरांड्यात नेऊन म्हणालीस, “दत्ता, पोरीला फोन लाव. तुझा राग तुझ्यापाशी ठेव, ती आय हाय तिची.” तिसऱ्या दिवशी पुन्हा म्हणालीस. पाचव्या दिवशी म्हणालीस, तू लावत न्हायस तर मी लावते. आणि मी तुझ्यावर, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीवर, नर्सेसच्या देखत ओरडलो. माझ्या घरात लक्ष घालू नको, म्हटलं. वर मेलेल्या आईची शपथ घातली. तू शपथ पाळलीस. रविवारी तुळशीच्या मोबाइलवर मृणालचा नेहमीचा फोन आला तो मी उचलला, आणि सांगितलं की आई गणपतीला जनीआत्याकडे गेली आहे, तिथे रेंज नाही, मोबाइल इथेच विसरली. तू त्या वेळी आत तुळशीला पाणी पाजत होतीस.

असो. काल काय झालं ते पुढे सांगतो.

चढ संपला तेव्हा ती दिसेनाशी झाली होती. मी आपला पट्ट्या बघत चाललो. एक गाव लागलं, गावाबाहेर स्मशान, त्यात नळ. मी गेलो आणि प्यालो. ओंजळीने, पोटभर. गोऱ्या लोकांची थडगी, त्यांच्यावर फोटो, आणि मी तिथे बसून स्वतःवर चरफडत होतो. मग उठून चालू लागलो आणि कुठे तरी फुली बघितलीच नाही. तासाभराने लक्षात आलं की बऱ्याच वेळात एकही पट्टी दिसलेली नाही. मागे फिरलो तर दोन रस्ते. ज्याने आलो तो कुठला तेही कळेना. मोबाइलला नेटवर्क नाही. दोन वाजले असतील. स्वतःचा इतका वैताग मला जन्मात आला नव्हता. रस्त्याच्या मधे उभा राहून मी त्या बुटांना मोठमोठ्याने शिव्या दिल्या. ऐकायला दोन गायी होत्या.

गायी आहेत म्हणजे माणूस असेल, म्हणून त्यांच्या कुंपणाने गेलो. एक दगडी घर निघालं. कुत्रा अंगावर आला. आतून एक म्हातारी आली, तुझ्याच वयाची, निळा एप्रन, पायात रबराचे बूट. तिने कुत्र्याला एका शब्दात बसवलं. मी हात जोडले. तिला माझं कळेना, मला तिचं. तिने मला बाकावर बसवलं, गुलाबी सरबत दिलं, आणि माझ्या पायांकडे बघून काही तरी म्हणाली. ते काय असेल ते भाषा न येताही कळलं. मग घरातून फोन आणून माझ्या हातात दिला. लाव, असं बोटाने सांगितलं.

मी माझ्या मोबाइलमधून मृणालचा नंबर काढला आणि एकेक आकडा तिच्या फोनवर दाबला. ताई, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून हा नंबर मी स्वतःहून लावला नव्हता. तिने इथली पुढची नोकरी घेतली आणि आपण बघितलेल्या स्थळाला नाही म्हणाली, तेव्हा मी म्हटलं होतं, मग तिथेच राहा, मला फोन करू नकोस. तिने केला नाही. विमानाचं तिकीटसुद्धा तिने सुजितकडून पाठवलं.

पलीकडून मृणाल इथल्या भाषेत काही तरी म्हणाली. मी म्हटलं, “मृणाल, मी बोलतोय. चुकलो.”

मग तिने विचारलं, कुठे आहात. मी म्हटलं, माहीत नाही. म्हातारीने फोन माझ्याकडून घेतला आणि तिला पत्ता सांगितला.

तिला यायला तास लागला. मी त्या बाकावर बसून होतो, म्हातारी शेंगा सोलत होती. मधेच तिने माझ्यापुढे अर्ध्या शेंगा सरकवल्या, मीही सोलायला लागलो. मृणाल आली ती घामाने भिजलेली, चेहरा लालबुंद. मागे वळून धावत आली होती. माझ्यासाठी धावत आली. खाली बसली, माझे बूट ओढून काढले, मोजे काढले. टाचेचं रक्त मोज्याला चिकटलं होतं. तिने पिशवीतून कापूस आणि पट्टी काढली.

आता ह्यापुढे कधी सांगणार, असं मला वाटलं. माझा पाय तिच्या हातात होता आणि मी म्हटलं, “आत्याने नाही ठरवलं. आत्या रोज म्हणत होती, पोरीला बोलाव. मीच कळवलं नाही. तिला शपथ घातली.”

तिने पट्टी लावणं थांबवलं नाही. “का?”

प्रबंधाचं कारण तोंडावर आलं होतं. नाही दिलं. मी म्हटलं, “मला फोन आधी तू करावास म्हणून.”

तिने मान वर केली. “मी?” ती म्हणाली. “मला काय माहीत होतं, बाबा?”

मी म्हटलं, मला वाटलं नव्हतं तुझी आई जाईल. डॉक्टर म्हणत होते बघू, मी म्हणत होतो बघू. बरी होऊन घरी आली असती तर कुणालाच कळलं नसतं. आणि तू हरली असतीस आणि मी जिंकलो असतो. हे शेवटचं मी तिला बोललो नाही, ताई. ते तुला लिहितोय. कारण खरं तेच होतं.

ती उठून नळावर हात धुवून आली. तिचे डोळे कोरडे होते. म्हातारी काही तरी विचारत होती, त्याला ती हळू आवाजात उत्तर देत होती. मग मला म्हणाली, आजी गाडीने सोडायला तयार आहेत, जायचं का. अजून आठ किलोमीटर राहिले होते. मी म्हटलं, चालतो. का म्हटलं कोण जाणे. बुटांच्या टाचा दाबून त्यांच्या चपला केल्या आणि निघालो. आता मी पुढे होतो आणि ती मागे. इथे उजेड साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे दिवस संपता संपत नव्हता. तासभर चाललो. मग मागून तिचा आवाज आला.

“आईने माझं नाव काढलं होतं?”

“हो.”

“कितीदा?”

मला सांगता आलं नाही. मी सांगणार नव्हतो असं नाही, मला माहीतच नाही. पाचव्या दिवसापासून तुळशीने माझ्याकडे पोरीची भेट मागणं सोडून दिलं होतं. मी आत गेलो की ती डोळे मिटून घ्यायची. मी व्हरांड्यात बसायचो. चहा आण, औषध आण, डॉक्टरांना गाठ, असल्या कामांत दिवस काढायचो. आत तू होतीस. ती तुझ्याशी बोलायची, दारातून मला तुझं मान हलवणं दिसायचं. काय बोलली ते तू मला कधी सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. हरिहरेश्वरला अस्थी सोडल्या त्या दिवशी तू गाडीत काही तरी सांगायला लागली होतीस. मी ड्रायव्हरला रेडिओ मोठा करायला सांगितला.

मी मृणालला म्हटलं, हे आत्याला माहीत आहे. मला नाही.

इथे पोचल्यावर तिने माझ्यासाठी गरम पाणी आणलं, पाय बुडवून बसायला सांगितलं, सूप आणलं. सगळं केलं. माफ केलं असं म्हणाली नाही, मीही मागितली नाही. आज सकाळी निघताना हे कागद आणि पेन टेबलावर ठेवून म्हणाली, “आत्याला तुम्ही लिहा. तिच्या नावाने काय बोललात तेसुद्धा. फोनवर सांगाल तर अर्धं गाळाल. पत्र तिला मिळालं की मी फोन करीन.” मला राग आला. ह्या वयात पोरीने समोर कागद ठेवून लिहायला बसवावं. रागातच सुरुवात केली, ते वर दिसलंच असेल तुला. बूट, पाव, पाणी, सगळ्यांवर कागद भरला.

तर ताई, पत्र पोचलं की सुजितला तिला मेसेज करायला सांग. ती फोन करील. तेव्हा स्पीकर बंद ठेव, क्रांतीलाही बाहेर पाठव. आईच्या शपथेतून मी तुला मोकळं करतो. करायचा अधिकार मला आहे की नाही ते माहीत नाही, पण घातली मी होती. तिला सगळं सांग. तुळशी काय म्हणाली, कितीदा म्हणाली, माझ्याबद्दल काय म्हणाली. लहानपणापासून तू माझी बाजू सांभाळत आलीस, ह्या वेळी सांभाळू नकोस. ‘तुझा बाप मनाने तसा न्हाय’ वगैरे बोलू नकोस. ती विचारील तेवढं सांग, आणि नाही विचारलं तेही सांग.

मी दोन जुलैला परत येतोय. पनवेलला न थांबता आधी तुझ्याकडे येईन. मृणालला जे सांगशील ते मग मलाही सांग. मी बसून ऐकेन. तू घरात घेतलंस तर.

मी तिच्याशी तुझ्याबद्दल खोटं बोललो ही गोष्ट मी इथे साध्या शब्दांत परत एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कधी मला ती वेगळी सांगता येणार नाही. मृणालला कळवू नका असं तू कधीही म्हणाली नव्हतीस. तुझं एकच म्हणणं होतं, पोरीला बोलाव. मी बोलावलं नाही.

खाली गाडीचा आवाज आला. ती आली बहुतेक. पाकीट चिकटवत नाही. तिला वाचायचं असेल तर वाचू दे.

तुझ्या पाठीमागे लपलेला
तुझा भाऊ,
दत्तात्रेय